दुसरी खाच

सुतार दोन वर्षं सासऱ्यांच्याच घरी राहत होता, तरी त्याचं दाढीचं सामान अजून प्रवासाच्या पिशवीतच असे. सासरेही ‘जावईबापू’ म्हणत त्याला पाहुण्यासारखं अदबीने अहोजाहो करत. मग अर्धांगवायूने सासऱ्यांचा उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताने बेसिनवरचं उघडं रेझर चाचपताना रोज बोट कापायचं, पण पीळ कायम: “दुसऱ्याच्या हातून दाढी? त्यापेक्षा ऋषी होईन!” सुताराने उरलेल्या सागाची छोटी पेटी केली आणि आरशाच्या डावीकडे ठोकली. आतल्या खाचेत पातं झाकलेलं राही आणि दांडी अलगद हाती येई. सकाळी सासरे गुळगुळीत गालांनी बाहेर आले. “जावईबापू, काम चुकलंय तुमचं.” सुताराने पेटीकडे पाहिलं. “कुठे, मामा?” “खाच एकच पाडलीस. तुझं रेझर काय जन्मभर पिशवीतच ठेवणार?” सुतार दुसऱ्या खाचेसाठी पटाशी आणायला धावला.