आमच्याकडची नानेटी

आखातातल्या अल खर्जच्या मळ्यावर, ज्याच्या हमीवर हाशम कामाला आला होता त्या कफीलच्या लेकीने पाळलेल्या सापाला तो दोन वर्षं ‘आमच्याकडची नानेटी’ म्हणायचा. अंगावर पिवळट रेघा तशाच, रत्नागिरीकडे भाताच्या बांधावर दिसतात तशा. काचेची पेटी पुसताना तो हळूच विचारायचा, “बरी हायस ना गो?” आज कफीलने जनावरांचा डॉक्टर बोलावला. त्याने भिंगातून खवल्यांच्या ओळी मोजल्या, रेघ तिसऱ्या-चौथ्या ओळीवर बघून कागदावर जात लिहिली. “गार्टर साप. अमेरिकेतला. तुझ्या गावचा नव्हे.” हाशमने पेटीत पाहिलं. हिला तर आपल्याहूनही लांबून आणलंय. “हिला परत पाठवता नाही येणार?” त्याने कफीलला विचारलं. “इथे काय कमी आहे तिला?” कफील म्हणाला. हाशमने रजा मागितली की तो हेच विचारायचा. मग कफीलने त्या कागदाची घडी केली, कपाटात हाशमच्या पासपोर्टवर ठेवली आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.