भांडणाची नोंद
मावशी पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवते. उद्या विमा कंपनीची माणसं तिच्या नोंदी तपासणार होती, म्हणून आईचा चष्मा नाकावर चढवून तयारीसाठी मीच तपासनीस झाले. शेजारच्या आजोबांची प्रगती कागदावर दिसली नाही, तर त्यांचे उपचार बंदच होणार होते. आणि मावशीने लिहिलेलं, ‘आज बायकोशी भांडले. छान!’ “मॅडम, भांडण हा काय उपचार झाला?” मी डोळे वटारले. “अगं, सहा महिने तोंडून एक शब्द नव्हता!” “मग भांडताना म्हणाले काय?” “‘चहा गार का?’ एवढंच.” “मावशे! तीन शब्दांचा अख्खा प्रश्न, तोही स्वतःहून! हे लिही ना!” जुनं खोडायचं नसतं, म्हणून तिने खाली आजची तारीख घालून तेवढं जोडलं. “आणि आजी काय म्हणाल्या?” “त्या डोळे पुसत दुसरा चहा ठेवायला गेल्या.”