आगराचं पाणी

मिठागराच्या मालकांनी मोरेश्वर चित्रकाराला एक हिवाळा खाडीकाठच्या कोपर गावी ठेवून घेतलं होतं. खायचं, राहायचं आणि चित्रं काढायची. तसे सुखाचे दिवस पुन्हा त्याच्या वाट्याला आले नाहीत. आगरावर राबणारा भिवा त्याला तांदळाची भाकरी नि सुकट आणून देई, आणि भिवाची लेक सगुणा हसू दाबत चित्रासाठी बांधावर उभी राही.

गोडं पाणी लांबून आणावं लागे, म्हणून मोरेश्वर आगरातल्याच पाण्यात रंग कालवायचा.

"नको, भाऊ," भिवा म्हणायचा. "खाडीचं पानी बाहेर न्यायचं नसतं. त्ये माघारी येतं."

मोरेश्वर हसण्यावारी न्यायचा.

पुढं बऱ्याच वर्षांनी ठाण्यात त्याच्या एकट्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. सकाळी दालन उघडलं आणि तो जागीच थबकला. कोपरच्या चित्रात सगुणा बांधावर होती, पण आगरातलं पाणी ओसरून तळाचा चिखल उघडा पडला होता. त्या पाण्यात त्यानं रंगवलेलं तिचं प्रतिबिंब कुठंच नव्हतं.

दुपारी म्हातारा भिवा कोपरहून आला. चित्रापुढं बराच वेळ उभा राहिला.

"तुमी गेल्यावर सगुणा तापानं गेली, भाऊ. पन अलीकडं आगराच्या पान्यात रोज दिसते. बांधावर बघावं तर कुनी नाय. म्हनलं, बांधावरची पोर तुमच्याकडं असल."

मोरेश्वरने चित्राकडे पाहिलं. सकाळी स्वच्छ असलेल्या सगुणाच्या पावलांना घोट्यापर्यंत चिखल लागला होता.

भिवा पुढं वाकला.

"निघालीस, बाय?"