माझ्यावाचून

"अवतरण सुरू. तू रडू नकोस, स्वल्पविराम, तुझ्या बहिणीचा स्वभावच तसा, अर्धविराम, तिला आपले सुख पाहवत नाही, पूर्णविराम."

शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीची नवी आवृत्ती निघायची होती, आणि छापखान्याच्या मागच्या खोलीत दोघी समोरासमोर बसून प्रुफं तपासत होत्या. एक जण मूळ प्रतीतून मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. दुसरीने लाल पेन घेऊन प्रुफावर नजर ठेवायची. ही दुसरी म्हणजे वेलांटीबाई. सगळे त्यांना असंच म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. घरी लग्नपत्रिका आली तर त्या आधी चुका काढत आणि मग लग्न कुणाचं आहे ते बघत.

वाचणारीचा कामावरचा हा शेवटचा दिवस. राजीनामा नवऱ्याने सकाळी स्वतः लिहून दिला होता. पाच वाजता साहेबांच्या हातात द्यायचा होता. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. तिने त्या पाहिल्या आणि तशाच राहू दिल्या. मागे एकदा तिने त्याची चूक काढली, तेव्हा तो तीन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

ती पुढे वाचू लागली.

"तुला माझ्याशिवाय समजून घेणारं या जगात कुणी नाही हे तुला कधी कळणार."

वेलांटीबाईंचं पेन थांबलं.

"विरामचिन्हं कुठे गेली?"

"सांगितली ना."

"नाही सांगितलीस. आणि हे 'माझ्याशिवाय' कुठून आलं? या लेखकाने अख्ख्या पुस्तकात 'वाचून' लिहिलंय. तुझ्यावाचून, त्याच्यावाचून. बघ बरं नीट."

तिने पाहिलं. पान कसरीने खाल्लेलं होतं. पूर्णविरामानंतर दोन ओळींच्या जागी भोक, आणि भोकातून खालच्या पानावरची अक्षरं दिसत होती. टाईप करणाऱ्यानेही प्रुफात तेवढी जागा कोरी सोडली होती. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतंच, आणि ती न अडखळता वाचून मोकळी झाली होती.

"आधी वाचली होतीस ही कादंबरी?"

"नाही बाई."

वेलांटीबाई उठल्या. चुकांनी भरलेली म्हणून बाजूला टाकलेली एक नंतरची आवृत्ती त्यांनी कपाटातून काढली, पान शोधलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. तुला माझ्यावाचून समजून घेणारे या जगात कोणी नाही, हे तुला कधी कळणार?

"घेणारे, कोणी, हे जुनं वळण झालं," बाई म्हणाल्या. "बाकी फरक एकाच शब्दाचा."

वाचणारीला आधी लाज वाटली. हे वाक्य तिचं होतं. नवरा ते तिचा हात हातात घेऊन म्हणायचा, आणि तिला वाटायचं, असं आजवर कुणी कुणाला म्हटलं नसेल. ते इथे कधीचं छापून पडलं होतं. मग तिला फार वाईट वाटलं; पुस्तकातल्या बाईचं की स्वतःचं, ते तिला सांगता आलं नसतं.

एकच नाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी छापलं जाऊ नये म्हणून वेलांटीबाई प्रत्येक पुस्तकातल्या माणसांची यादी करत. नाव, कोण लागतो, आणि पुढे ज्या ज्या पानांवर तो येतो त्यांचे आकडे. ती यादी त्यांनी पुढे सरकवली.

"प्रत्येकापुढचा शेवटचा आकडा बघ."

मैत्रीण, बत्तीस. मावशी, एकेचाळीस. गाणं शिकवायला येणाऱ्या बाई, पंचावन्न. मोठी बहीण, एकसष्ट. पुढची दोनशे पानं एकट्या नवऱ्याची.

"एकदाही आवाज चढवत नाही हा माणूस," बाई म्हणाल्या. "हात उगारणं तर लांबच. पहिल्यांदा तपासली तेव्हा मला फार आवडला होता."

"मग?"

"मग यादी केली."

वाचणारीने ते आकडे पुन्हा एकदा वरून खाली वाचले. पावणेपाच झाले होते.

"माझ्या ताईशी बोलून दीड वर्ष झालं," ती म्हणाली.

"भांडण झालं का?"

"काहीच झालं नाही, बाई. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी नुसता फोन उचलायचा थांबले. तिनं तरी किती दिवस करायचा?"

तिने पर्समधून मोबाइल काढला आणि परत आत टाकला. कुणाकुणाला फोन केले, ते नवरा रोज संध्याकाळी बघायचा. लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवायला काय हरकत आहे, म्हणायचा. वेलांटीबाईंनी पुस्तकांच्या गठ्ठ्यामागून छापखान्याचा टेबलफोन ओढून तिच्यापुढे ठेवला.

ताईचा नंबर बोटांना पाठ होता.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी."

तिला वाटलं, आता ताई फोन ठेवणार. ठेवला असता तरी तिला राग आला नसता.

मग ताई अगदी हळू आवाजात म्हणाली, "एकटीच आहेस ना?"

वेलांटीबाई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या, मान खाली घालून, प्रुफातल्या त्या कोऱ्या जागेत ते राहिलेलं वाक्य लिहीत.

"हो गं," ती म्हणाली. "एकटीच आहे."