सकाळचा मुहूर्त

"दुपारी बाराचाच द्या जी, गुरुजी," शेषराव म्हणाले. "आमच्या घरची लग्नं भर दुपारीच लागतात. सकाळी वऱ्हाड पोचत नाही."

मी पंचांगातून मान वर केली नाही. शेषरावांच्या लेकीचं लग्न मे महिन्यात, तेही चंद्रपूरजवळच्या आमच्या गावात. माझ्या लहानपणी या दिवसांत मंडपात घाम यायचा. आता तो फुटायच्या आधीच वाळतो.

"सकाळी सात दहा," मी म्हणालो. "वऱ्हाडाला आदल्या दिवशीच बोलवा. दहाच्या आत पंगती उठल्या पाहिजेत."

"लोक हसतील, गुरुजी. म्हणतील, उन्हाला घाबरले."

"घाबरायलाच पाहिजे. आपल्या आजोबांच्या वेळचं ऊन राहिलंय का हे?"

मागच्या मे महिन्यातलं शेषरावांच्या पुतण्याचं लग्न त्यांनाही आठवलं असावं. सत्तेचाळीस डिग्री होतं त्या दिवशी. वरात रेंगाळली म्हणून मीच ओरडलो होतो, थांबू नका, मुहूर्त टळतोय. गुलाब नावाचा ढोलवाला बँडच्या जाड लाल कोटात वाजवत राहिला आणि मंडपाच्या दाराशी कोसळला. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

"तुम्ही तरी काय करणार होते?" शेषराव हळूच म्हणाले. "मुहूर्तच बाराचा होता."

मी पेटीतून गेल्या वर्षीचं पंचांग काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते पान आता आपोआप उघडतं.

"सकाळचाही होता," मी म्हणालो.