पेरलेली बाई

नव्या बाईने सकाळपासून चौथ्यांदा "का?" विचारलं, तेव्हा दुर्बीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"मशीन काठोकाठ का भरायचं नाही, मावशी?"

धुलाई विभागात नव्या बायका फार तर "कसं" विचारतात. "का" विचारायला फुरसत कुणाला? त्यात ही बाई उत्तर ऐकून गप्प बसली नाही. एप्रनच्या खिशातून छोटी वही काढून तिने ते चक्क लिहून घेतलं.

दुर्बीण हे अर्थातच खरं नाव नव्हे. रुग्णालयाच्या चादरीवरचा जो डाग कुणालाच दिसायचा नाही तो त्यांना दिसायचा, आणि जो नसायचा तोही दिसायचा, म्हणून मैत्रिणींनी ते बहाल केलं होतं. वय त्रेपन्न, शाळा चौथीतच सुटलेली. गेल्या महिन्यात त्या आणि आणखी पाच जणी पुन्हा बाकावर बसल्या होत्या. पंधरा दिवस प्रशिक्षण झालं. रक्ताळलेले कपडे कसे हाताळायचे, पाणी किती तापवायचं, हातमोजे कसे उतरवायचे. शेवटच्या दिवशी प्रशिक्षण अधिकारी बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "दोन महिन्यांनी तपासणी आहे. शिकवल्याने फरक पडला असं दिसलं तर धुलाई इथेच राहील. नाही तर सगळे कपडे बाहेरच्या कंत्राटदाराकडे."

"तपासणी कशी करणार, मॅडम?"

"ते सांगितलं तर तपासणी कसली?"

आणि पुढच्याच आठवड्यात सहा नव्या बायका कामाला लागल्या. जुन्या सहा, नव्या सहा. एकेका जुनीच्या शेजारच्या मशीनवर एकेक नवी. हा हिशेब दुर्बीणबाईंना पहिल्या दिवसापासून खुपत होता.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "बाई पेरलेली आहे."

कंबर धरल्यामुळे तो दोन वर्षं घरीच होता. "तुला दूधवाला पण पेरलेला वाटतो," तो म्हणाला.

"तिची नखं बघा जरा. धुण्यातल्या बाईची अशी नखं असतात?"

"नवीन आहे ना. राहतील का तशी?"

त्यांनी वाद घातला नाही. ही नोकरी गेली तर या वयात आपल्याला दारात कोण उभं करणार, हा विचार त्यांना सोडत नव्हता. नवऱ्याला तो बोलून दाखवायचा नव्हता.

दोन दिवसांनी पुरावाच हाती लागला. स्वच्छ कपड्यांची ढकलगाडी घेऊन त्या जिन्यापाशी आल्या, तर वळणापलीकडून अधिकारी बाईंचा आवाज.

"कुणाला काही कळता कामा नये. नाही तर तुमच्यामुळे सगळी तपासणी फुकट जाईल."

"नाही मॅडम. कुणालाच बोलणार नाही."

तो आवाज नव्या बाईचा होता. दुर्बीणबाई गाडी तशीच मागे ओढत परतल्या.

चहाच्या सुट्टीत त्यांनी पाचही जणींना कोपऱ्यात घेतलं. "सहाच्या सहा वरून आल्यात. नवख्या असल्याचं सोंग आहे नुसतं. आपल्याला शिकवलेलं डोक्यात राहिलंय का, ते बघायला."

"मग आता गं?"

"मग काय? विचारतील ते सांगायचं. न विचारतील तेही सांगायचं. आणि हसून."

पाचही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. नव्या बाईला आपलं काम शिकवायची या विभागात रीतच नव्हती. जी ती आपली मूठ झाकून असायची, आणि यात सगळ्यांत घट्ट मूठ दुर्बीणबाईंची होती.

ती मूठ आता उघडली. वाकून, करून दाखवून, पुन्हा विचारून त्या शिकवू लागल्या. एकदा नव्या बाईने घाणेरडी चादर खसकन झटकली. मुद्दाम! दुर्बीणबाईंनी राग गिळला.

"झटकायची नाही गं, बाळ. जंतू उडतात. अशी आत आत गुंडाळत यायची. आणि आधी चाचपायची, सुई असते कधी कधी."

"मावशी, एवढं कुणी सांगितलं नसतं हो मला," नवी बाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

काय नाटक करते, दुर्बीणबाईंना वाटलं. तरी त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की शिकवायला बरं वाटतं. आपल्याला एवढं येतं हे त्यांना स्वतःलाच नव्याने कळत होतं.

दोन महिन्यांनी अधिकारी बाई यादी घेऊन आल्या आणि त्यांनी बाराही जणींची एकेक करून परीक्षा घेतली. नव्यांचीसुद्धा! सोंग शेवटपर्यंत वठवतायत, दुर्बीणबाई मनात म्हणाल्या.

आठवड्याने सगळ्यांना बोलावलं. अधिकारी बाईंनी कागदावरून मान वर केली नाही.

"प्रशिक्षण घेतलेल्या सहा जणींना सरासरी शंभरपैकी ब्याण्णव."

टाळ्या पडल्या. दुर्बीणबाईंना रडू आवरेना. ब्याण्णव! चौथीत शाळा सुटलेल्या बाईला!

"आणि नव्या सहा जणींना एक्क्याण्णव."

"त्यांचे मार्क कशाला धरता, मॅडम?" दुर्बीणबाई डोळे पुसत हसल्या. "त्या तर तुमच्याच. आम्ही केव्हाच ओळखलं होतं."

"माझ्या कुठल्या? त्या तुमच्यासारख्याच धुण्याला आलेल्या बायका. त्यांना मुद्दाम काहीच शिकवलं नव्हतं, न शिकलेल्या आणि शिकलेल्या बायकांत फरक किती पडतो ते बघायला. त्यांचीही परीक्षा होणार हे तेवढं कुणाला सांगू नका, असं बजावलं होतं. इथे कुणी कुणाला काही सांगत नाही, म्हणून तर हा विभाग निवडला." त्यांनी कागदाची घडी घातली. "पडला एका मार्काचा. एक तारखेपासून कंत्राटदाराची गाडी येईल."