काचेखालचं दाखल-खारीज

रजिस्टर काचेच्या पेटीत उघडं ठेवलं होतं. एका बाजूला पितळी घंटा, दुसऱ्या बाजूला दगडी पाटी आणि दौत. खाली छापील चिठ्ठी: 'शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, सन १९४५.' पेटीला छोटं कुलूप.

सत्त्याऐंशी वर्षांचे गोपाळराव इतके वाकले की काचेवर त्यांचा श्वास उमटला.

"हेच वं पायल," ते नातीला म्हणाले. "याच्यातच मी आहो."

पायलने फायलीतून एक पत्र काढलं आणि चारुशीला मॅडमपुढे धरलं. शाळेच्या जुन्या वर्गात मांडलेला हा संग्रह त्यांच्याच ताब्यात होता. जातपडताळणीला आजोबांचा १९५० सालाच्या आधीचा पुरावा लागतो म्हणून पायलने शाळेकडे दाखला मागितला होता. तीन महिन्यांनी हे उत्तर आलं: जुने सर्व अभिलेख वाळवीमुळे नष्ट झाले आहेत. खाली गोल शिक्का. वाळवी मोठी समजूतदार म्हणायची, शाळेच्या शताब्दीला मांडण्यापुरतं एक रजिस्टर तिने राखून ठेवलं.

"मॅडम, सोमवारी शेवटची तारीख आहे. व्हॅलिडिटी नाही दिली तर माझी नर्सिंगची सीट जाते. आबांचं नाव असलेल्या एका पानाची नक्कल शिक्का मारून द्या ना."

"हे आता रेकॉर्ड नाही गं, संग्रहातली वस्तू आहे," मॅडम मवाळपणे म्हणाल्या. "उघडलेलं पान आम्ही हलवत नाही. या खोलीला ज्यांनी देणगी दिली, त्यांच्या वडिलांचं नाव आहे त्यावर. तू अर्ज दे. समिती दिवाळीनंतर बसेल."

"या पोराईच्या मागूनच मी दाखल झालो, एक-दोन पानं पुढं असन," गोपाळराव म्हणाले. "माह्या बापाचं नाव, गावाचं नाव, अन् त्याच्या बाजूले जात. पाहून तं घ्या."

जातीचा तो रकाना त्यांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर मागे टाकला होता. त्यानंतर घरात त्याचं नाव काढू दिलं नव्हतं. आणि आता नातीचं भलं व्हावं म्हणून तोच रकाना दाखवा, असं विनवायची पाळी त्यांच्यावर आली होती. त्यातही समोरची बाई दिवाळीनंतर या म्हणत होती. त्यांना संताप आला, आणि विनवण्या केल्याची लाजही वाटली.

मॅडमचा चेहरा मात्र एकदम खुलला.

"काका, म्हणजे पंचेचाळीसच्या बॅचचे तुम्ही! आमचे सगळ्यात जुने विद्यार्थी. पेटीजवळ उभे राहा ना, स्मरणिकेत फोटो छापू." त्यांनी मोबाइल वर धरलासुद्धा.

"कोन म्हन्ते मी इथं शिकलो?"

"तुम्हीच तर आत्ता सांगितलं."

"माह्या सांगन्यावर भरवसा आहे तुमचा?"

"आहे ना, काका."

"मंग तेच लिहून शिक्का मारा."

मोबाइल हळूच खाली आला. "तसं नाही देता येत. पुरावा लागतो."

पायल रडवेली झाली. "आबा, चला. काही नाही होत इथं."

गोपाळराव हलले नाहीत. भिंतीशी जुन्या वर्गातला एक सागवानी बाक पॉलिश करून ठेवला होता. ते काठी टेकत तिकडे गेले आणि बाकाच्या मधोमध बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली.

"काका, प्लीज," मॅडम धावल्या. "त्या बाकावर बसायचं नाही."

"मालूम आहे मले," गोपाळराव म्हणाले. "पंचेचाळीस सालीच सांगतलं होतं. जा, पेटीची चाबी आन."